भातावर सूप ओतणारा नवरा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात एका वाचकाने लिहिलंय की जुने जपानी सिनेमे संथ असतात, झोप येते. वाचून राहवलं नाही, कारण त्याच शनिवारी आम्ही दोघांनी जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूचा १९५२ सालचा 'द फ्लेवर ऑफ ग्रीन टी ओव्हर राइस' बघितला आणि झोप सोडा, मी चहा करायलासुद्धा उठले नाही.

टोकियोतलं सुखवस्तू जोडपं, मूलबाळ नाही, लग्न ठरवून झालेलं. ताएको श्रीमंताघरची आणि मोकिची नागानोकडचा, गावाकडचा साधा माणूस, म्हणजे भातावर सूप ओतून भुरके मारणार, सिगरेट स्वस्तातली, रेल्वेत थर्ड क्लास. बाईंच्या डोक्यात जातं सगळं. खोटं सांगून मैत्रिणींबरोबर गरम पाण्याच्या झऱ्यांवर जाते काय, तिथल्या तळ्यातल्या सुस्त काळ्या माशाला नवऱ्याचं टोपणनाव देते काय! डोंकान-सान, म्हणजे आपल्याकडचे ठोंबेराव.

मग नवरा कामासाठी उरुग्वेला निघतो, ही निरोप द्यायलाही नसते. पण विमान बिघडून परत येतं आणि हा रात्री घरी हजर, भूक लागलेली. मोलकरीण झोपलीये, तिला कशाला उठवा म्हणून दोघं स्वयंपाकघरात शिरतात आणि कुठली वस्तू कुठे ठेवलीये ते दोघांनाही ठाऊक नाही! स्वतःचंच घर, तरी चोरासारखे शोधतायत. ती लोणच्याच्या भांड्यात हात घालते, हाताला वास लागतो, तो तिचा हात हुंगतो. मग गरम चहा ओतलेला भात. आता हे फास्ट दाखवलं असतं तर काय उरलं असतं सांगा?

गंमत म्हणजे ही गोष्ट ओझूने १९३९ मध्येच लिहिली होती, तेव्हा नवरा युद्धावर निघालेला, आणि सेन्सॉरने आडकाठी केली की रणांगणावर जाणाऱ्याला चहा-भात कसला वाढता, मंगल प्रसंगाचा लाल भात वाढा. म्हणून ती तशीच पडून राहिली. चहा-भातातच तर सगळं होतं हो. आणि हे कळलेला ओझू स्वतः आयुष्यभर बिनलग्नाचा!

एक मात्र खटकलं. दुसऱ्या दिवशी ताएको मैत्रिणींना सगळं रडून सांगत बसते, ते नको होतं, आम्ही बघितलं की. शिवाय नमतं शेवटी तिनेच घ्यायचं? आमचे हे म्हणतात की त्यानेही आधी माफी मागितली होती, पुन्हा सूप ओतणार नाही म्हणाला होता. बरोबर आहे, पण मला अजून पूर्ण पटलेलं नाही.

पत्रलेखकांनी निदान तो स्वयंपाकघराचा सीन बघावा, फॉरवर्ड न करता.

कळावे,
तुमची एक जुनी वाचक, पुणे

ता.क. आमच्याकडे आमटी-भाताचे भुरके २६ वर्षं चालू आहेत, मी अजून टीव्हीचा आवाज वाढवते.