घारी नव्हत्या काका, धूळ होती

प्रिय फ्रेमवाले काका,
साष्टांग नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. नाशिकच्या रविवार कारंजाजवळच्या गल्लीत देवांच्या तसबिरींना काचा बसवणारे काका म्हटलं की ओळखणारे ओळखतील. पूर्वी तुमचा फोटो स्टुडिओ होता, हे मलाही त्या दिवशीच कळलं.

गेला अख्खा हिवाळा मी नांदूर मध्यमेश्वरला पक्षी टिपत होते. चापडगावच्या मनोऱ्यावर उभं राहून, वाऱ्यात, धुळीत बिनधास्त लेन्स बदलायचे. एफ ५.६ वर, म्हणजे लेन्सचं भोक मोठं ठेवून काढलेल्या फोटोंत एक डाग दिसला नाही. मग फेब्रुवारीत गंगापूर धरणावर सूर्यास्त काढला, एफ १६ वर, म्हणजे भोक बारीक करून, आणि आभाळभर काळे ठिपके! आधी वाटलं, लांबवर घारी फिरतायत. पुढच्या फोटोतही त्या जागच्या हलल्या नाहीत, तेव्हा पोटात गोळा आला. कॅमेऱ्यात धूळ शिरली होती.

एका दुकानात सांगितलं, कॅमेरा ठेवून जा, महिनाभर लागेल. म्हणून मी कान साफ करायच्या काड्या आणि स्पिरिट विकत घेतलं. ती पिशवी हातात असताना एका तसबिरीची काच बदलायला तुमच्याकडे आले, हे माझं नशीब. पिशवीत डोकावून तुम्ही म्हणालात, "पोरी, कॅमेरा पुसायचाय की मारायचाय?"

काका, तुम्ही कॅमेरा माझ्या हातातून काढून घेतला नाहीत, याचे आभार सगळ्यात जास्त. दुसरं कुणी असतं तर दोन मिनिटांत करून दिलं असतं आणि मी होते तशीच अडाणी राहिले असते.

तुम्ही आधी बॅटरी बघितलीत. दोन काड्या उरल्या होत्या. सफाईच्या वेळी आतला आरसा वर उचलून धरलेला असतो, मध्येच बॅटरी संपली तर तो खाली येणार, म्हणून "आधी चार्ज कर." दीड तास तुमच्या प्लगला चार्जर लावून मी स्टुलावर बसले आणि तुम्ही विठोबाला चौकट ठोकत राहिलात. तेवढ्यात मला उमगलं की धूळ सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या चिपवर नसते, त्याच्या पुढच्या काचेवर बसते. ट्यूबलाइटखाली बोटाची सावली विरते आणि टॉर्चसमोर धारदार पडते, तसंच ठिपक्यांचं. अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं ते भोक, बारीक केलं की ते उठून दिसतात. हे तुम्ही हातातली हातोडी न थांबवता सांगितलंत!

मग मेनूतलं सेन्सर क्लीनिंग दोनदा चालवलं. ती काच थरथरते म्हणे, सैल धूळ झटकली जाते. त्यानंतर रबरी फुगा. कॅमेऱ्याचं तोंड खाली, फुग्याचं टोक आत न नेता, आठ-दहा दाब. मी तोंडाने फुंकर घालणार तेवढ्यात तुम्ही असे ओरडलात की शेजारचा चहावाला वळून बघायला लागला. थुंकीचे तुषार धुळीपेक्षा वाईट, हे मान्य. पुन्हा पांढऱ्या भिंतीचा एफ १६ वर फोटो काढला तर बहुतेक घारी उडून गेल्या होत्या.

उरल्या चार. त्यांतली एक फोटोत वर डाव्या कोपऱ्यात दिसत होती, म्हणून मी काचेच्या वरच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत बसले. तुम्ही हसलात. लेन्स चित्र उलटं पाडते, त्यामुळे समोरून बघताना तो डाग खाली डावीकडे शोधायचा.

त्या चारांसाठी स्वॅब, म्हणजे ती काच पुसायची कापड लावलेली चपटी काडी लागणार होती. तुमच्याकडे होते ते २४ मिलिमीटरचे, माझा क्रॉप सेन्सर, म्हणजे आकाराने लहान, त्याला १६ चे हवेत. "चालवून घेऊ" म्हणाला नाहीत. मी मागवले आणि आठवड्याने परत आले. दोन थेंब द्रव, एका बाजूने एकच हात, उलटून दुसऱ्या बाजूने परत, आणि स्वॅब कचऱ्यात. माझा हात कापत होता, तुम्ही मात्र मुद्दाम रस्त्याकडे बघत होतात. एक ठिपका राहिलाच. तो तुम्ही घासू दिला नाहीत.

पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजलात. आता मी चापडगावला गाडीच्या काचा लावून, कॅमेरा बंद करून, तोंड खाली धरून लेन्स बदलते. मैत्रिणी हसतात.

गंगापूरचा तो सूर्यास्त परत काढलाय. पुढच्या रविवारी प्रिंट घेऊन येते, सागवानी चौकट हवी आहे. या वेळी पैसे घ्यावे लागतील, आधीच सांगून ठेवते.

तुमची,
काड्या आणि स्पिरिटवाली