पन्हाळ्याला पेढा

प्रिय आई आणि बाबा,

काल आईशी फोनवर बोलताना कळलं की बाबा रुसलेत. म्हणजे आई तसं म्हणाली नाही, ती म्हणाली "त्यांना हल्ली वेळ नसतो गं", पण रिटायर होऊन अकरा वर्षं झालेल्या माणसाला एकदम वेळ नसायला काय झालं हे न कळायला मी काय लहान आहे का. मुक्ताने त्या दिवशी तुमची पन्हाळ्याच्या वेढ्याची नोट ऐकताना "आबा, सोळाशे सत्तर नाही, सोळाशे साठ" असं म्हटलं आणि तेव्हापासून तुमच्या व्हॉइस नोट बंद झाल्या, बरोबर ना? आज जरा निवांत आहे, मुक्ता आणि ईशान समीरबरोबर मंडईत गेलीयेत, म्हणून सगळं नीट लिहून काढते. आई तू मोठ्याने वाचून दाखव त्यांना, चष्मा सापडत नाही म्हणतील नाहीतर.

बाबा, तुम्ही दिवाळीत म्हणाला होता, "कानात बोळं घालून इतिहास होतो होय? मास्तर नको, पुस्तक नको, आणि पोरं आपली मोबाईल ऐकत्यात." तेव्हा मी चिडले होते, पण आता कबूल करते, पहिले चार-पाच महिने तुमचंच खरं होतं. शाळा का सोडली ते परत नको उगाळायला, मुक्ताचं दर सोमवारचं पोटदुखीचं प्रकरण तुम्हाला माहितीये. घरीच शिकवायचं ठरलं तेव्हा गणित-भाषा माझ्याकडे, विज्ञान समीरकडे, आणि इतिहासाला कोणीच नाही, म्हणून मग मोबाईलवर विकतचे ऑडिओ. वाटलं, बरंय, मी पोळ्या करीन आणि पोरं इतिहास शिकतील. चाळीस-चाळीस मिनिटांचे भाग लावायचे, मागे तुतारी, घोड्यांच्या टापा, तलवारींचा खणखणाट, पोरं खूश, मी पण खूश. आणि दुसऱ्या दिवशी विचारलं काल काय ऐकलं, तर मुक्ता म्हणाली "खूप लढाई झाली", आणि ईशान म्हणाला, "सिद्दी जौहरने पन्हाळ्याला पेढा दिला."

पेढा! वेढा नाही, पेढा. आणि बिचाऱ्याने त्याचं चित्र पण काढलं होतं, डोंगराएवढा पेढा आणि शेजारी दाढीवाला माणूस. मी हसून हसून लोळले, पण रात्री विचार करत बसले. सात वर्षांच्या पोराला वेढा म्हणजे काय हे माहीतच नसेल तर कान त्याला ओळखीचा शब्दच देणार ना. पुस्तकात निदान शब्द समोर दिसतो, मागे जाऊन परत वाचता येतो, ऐकण्यात तो सुटला की सुटला, आणि त्याच्यावरचं पुढचं सगळं घसरत जातं. मग मी मुद्दाम खोदून खोदून विचारायला लागले तर काय काय निघालं! वाटाघाटी म्हणजे घाटातली वाट. तह म्हणजे तहान लागल्यावर करतात ते. विजापूर म्हणजे जिथे सारख्या विजा पडतात ते गाव, म्हणून आदिलशहा रागीट.

तेव्हापासून आम्ही ऐकायच्या आधी फळ्यावर पाच शब्द लिहितो. पाचच. त्यात दोन गावं असतात, ती भिंतीवरच्या नकाशात बोटाने शोधायची, दोन माणसं, आणि एक अवघड शब्द. वेढा समजवायला मी ईशानला पलंगावर बसवलं आणि आम्ही तिघं पलंगाभोवती बसलो आणि म्हटलं आता डबा पण आत येणार नाही. पाच मिनिटांत शरण आला, कारण मी मुद्दाम थालीपीठ लावलं होतं. आता तो दुकानातून येताना पिशवी वर करून ओरडतो "रसद आली!" आणि खालच्या काकू घाबरतात.

दुसरं म्हणजे बारा-पंधरा मिनिटांच्या वर लावायचंच नाही. मध्ये थांबवायचं, आणि एकाने सांगायचं, आत्तापर्यंत काय झालं. पुस्तकातले प्रश्न नाहीत, आपल्या शब्दांत जसं आठवेल तसं. इथल्या घरी शिकवणाऱ्या बाकीच्या आया सांगतात की ही शार्लट मेसन नावाच्या एका इंग्रज बाईची पद्धत, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची, मुलाने ऐकलं की लगेच सांगून दाखवायचं. मी मान डोलावली आणि घरी येताना रस्त्यात एकदम आठवलं की अगं हे तर आई करायची! देवळात कीर्तन असायचं आणि तुला स्वयंपाकामुळे यायला मिळायचं नाही, तू मला पाठवायचीस आणि परत आल्यावर चुलीपुढे बसवून विचारायचीस, "बुवा काय म्हणाले, सगळं सांग." आणि मी गाळलं की तुला बरोब्बर कळायचं, कारण गोष्ट तुला येतच असायची. मला वाटायचं तुला कीर्तन चुकल्याचं वाईट वाटतं म्हणून विचारतेस. वाटत असेलही. पण मी आत देवळात कान टवकारून बसायचे ते घरी जाऊन सांगायचंय म्हणूनच.

तेच इथे होतं. नुसतं "ऐका" म्हटलं की पोरं लोळतात, "बाबा ऑफिसमधून आले की त्यांना तू सांगणारेस" म्हटलं की ताठ बसतात. हातांना मात्र काम लागतं, रिकामे हात असले की पाचव्या मिनिटाला मारामारी. चित्र काढायला दिलं तर लक्ष चित्रात जातं, ठोकळे दिले तर आवाजच फार. सगळ्यात बेस्ट मटार सोलणं, सांगते मी तुला, आणि सीझन नसला की लसूण. आमच्याकडे अफझलखान प्रकरण दोन किलो मटारात झालं.

सनावळ्यांसाठी दोरी बांधलीये, कपड्यांची साधी दोरी, हॉलपासून किचनपर्यंत, आणि चिमट्याने चिठ्ठ्या लावतो. एक वर्ष म्हणजे एक सेंटीमीटर. आजपासून मागे मोजत गेलं की १६६० साडेतीन मीटरच्या जरा पुढे येतं, म्हणजे फ्रीजजवळ. १६५९ प्रतापगड, १६६० पन्हाळा, १६६३ लाल महाल, १६६६ आग्रा, १६७० सिंहगड, १६७४ राज्याभिषेक, सगळं एवढ्या वीतभर जागेत दाटीने, आणि मुक्ता म्हणाली "आई, हे लोक दमत नव्हते का?" मग नाणेघाट बघून आलो, तिथल्या गुहेत सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मीतला लेख आहे, आणि घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण, जकातीचा म्हणतात. सातवाहनांची चिठ्ठी लावायची तर वीस मीटरच्या वर दोरी पाहिजे, ती दाराबाहेर जिन्यातून पार खाली पार्किंगमध्ये गेली. सोसायटीतून फोन आला, मग गुंडाळली. पण दोन हजार वर्षं म्हणजे किती ते पोरांना त्या दिवशी जिने उतरताना कळलं, एरवी त्यांना "फार पूर्वी" म्हणजे आबांच्या लहानपणी.

एक गोष्ट मला नीट जमलेली नाही. ऑडिओत नट मंडळी जोरजोरात संवाद म्हणतात आणि पोरांना वाटतं हे खरंच असंच बोलले. मुक्ताने विचारलं, "त्यांना कसं कळलं महाराज असं म्हणाले? रेकॉर्डिंग होतं का तेव्हा?" चांगला प्रश्न आहे की नाही बाबा? मग मी सभासदाच्या बखरीचं सांगितलं, की ती लिहिणारा माणूस महाराजांच्या दरबारातला खरा पण लिहिली महाराज गेल्यानंतर पंधरा-एक वर्षांनी, तिकडे जिंजीला राजारामांच्या सांगण्यावरून. मग पोवाडे, अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा, सिंहगडावरचा तुळशीदासाचा, म्हणजे आपल्याकडे इतिहास आधीपासून कानानेच चालत आलाय की. पण शाहीर रंगवून सांगणारच, ते त्याचं कामच. आमच्या धायरीच्या गच्चीवरून सिंहगड दिसतो, तिथे बसून घोरपडीची गोष्ट ऐकली आणि नंतर मी सांगितलं की ही गोष्ट खरीच घडली असं सगळे अभ्यासक मानत नाहीत, आणि सिंहगड हे नाव तानाजींच्या लढाईच्या आधीच्या कागदांतसुद्धा सापडतं, तर ईशान दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. घोरपड त्याला फार आवडायची. मला अजून कळत नाही सात वर्षांच्या पोराला एवढ्या लवकर सांगायला हवं होतं का. समीर म्हणतो हवंच, मला वाटतं एक-दोन वर्षं घोरपड राहू द्यायला हरकत नव्हती.

बाजीप्रभूंचा भाग ऐकून ईशान रात्री झोपला पण नव्हता. पुस्तकात भीती वाटली तर पोरगं पान मिटतं, कानात आलेलं कसं मिटणार. तेव्हापासून मी आदल्या रात्री भांडी घासताना सगळं स्वतः ऐकून घेते, दीडपट स्पीडने, आणि कुठे थांबवायचं ते ठरवून ठेवते. म्हणजे बाबा, मास्तर नाही असं नाहीये हो. मास्तरीण भांडी घासतीये.

आता तुमच्या व्हॉइस नोट. त्या पन्हाळ्याच्या सात नोट आम्ही किती वेळा ऐकल्या असतील सांगा? मुक्ताला पाठ आहेत. विकतच्या ऑडिओत एक बाई गोड आवाजात म्हणते "महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले", आणि संपलं. तुम्ही काय सांगितलंत? की वाघबीळला गाडी दुसऱ्या गिअरला टाकावी लागते, पावसाळ्यात समोरचं काही दिसत नाही, मलकापूरच्या पुढे रस्ता कसा ओला काळा होतो, आणि "आम्ही तीस वर्षं एसटी चालवली त्या रस्त्यानं, हेडलाईट असून जीव मुठीत, आणि ही माणसं १२ जुलैच्या रात्री, धो धो पावसात, पालखी खांद्यावर घेऊन, मसाईच्या पठारावरनं, साठ किलोमीटर." हे ऐकून ईशानने विचारलं "चप्पल होती का त्यांच्या पायात?" एवढ्या महिन्यांत त्याने ऑडिओला विचारलेला हा पहिला प्रश्न. शिवा काशिदांचं सांगताना तर तुम्ही नेबापूरचा स्टॉपच सांगितलात, की "त्या गावचा माणूस तो, माझ्या गाडीत चढायची त्या गावची माणसं." पोरं गप्प.

आणि मागून आई. नोट नंबर चारमध्ये कुकरची शिट्टी आहे आणि आई म्हणतीये, "अहो अंबरखाना सांगा की, चार महिने खाल्लं काय त्यांनी?" आणि तुम्ही "थांब गं, रेकॉर्ड होतंय" म्हणून वसकन ओरडलात. बाबा, तेच तर सगळ्यात भारी होतं! त्याच्या पुढे आईने अंबरखान्यातल्या गंगा, यमुना, सरस्वती या धान्याच्या कोठ्यांचं सांगितलं, आणि नाचणीला कीड लागत नाही म्हणून वर्षानुवर्षं टिकते, ते. आमच्या फळ्यावर "शिबंदी", म्हणजे गडावरचं सैन्य, आणि "नाचणी" शेजारी शेजारी आहेत. त्या राजापूरच्या इंग्रजांचं पण, की वेढ्यात तोफा घेऊन आले आणि पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरला जाऊन हिशेब चुकता केला, ते तुम्ही असं सांगितलंत जसं काय बिन तिकिटाचा प्रवासी पकडलाय.

तर ते १६७० चं. बाबा, मुक्ताने तुमची चूक काढली नाही, तिने तुमची नोट ऐकत दोरीवर चिठ्ठी लावली आणि ती सिंहगडाच्या चिठ्ठीवरच आली, तर ती म्हणाली जागा नाही इथे. दोरीने चूक काढली म्हणा. आणि तिला त्याचा एवढा आनंद झाला कारण विकतच्या ऑडिओत तिला चूक काढता येत नाही, तिथे ऐकणारा कोणीच नाही पलीकडे. रात्री ती समीरला म्हणाली, "आबांना सगळे रस्ते माहितीयेत, मला सनावळ्या माहितीयेत, आम्ही दोघं मिळून पूर्ण होतो." हे मी बनवून सांगत नाहीये, समीरला विचारा.

तुमची दुसरी काळजी, दहावीचं काय. एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, दहावी चौदा पूर्ण झाली की देता येते, नाहीतर आपल्या बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म आहेच, तुमच्या डेपोतली कितीतरी मंडळी तशीच बाहेरून बसून पास झाली असं तुम्हीच सांगायचात. मुक्ता दहा वर्षांची आहे, वेळ आहे अजून.

आई, आता तुझ्याकडे काम आहे. दोरीवर १९७२ च्या दुष्काळाची जागा दाराच्या कडीजवळच आहे आणि तिथे काहीच नाहीये. तुझं माहेर आटपाडीचं, तू तेव्हा मुक्ताएवढीच असशील. मिलोची लाल भाकरी, सुकडी, आणि आजी खडी फोडायला जायची ते तू मला तुकड्या-तुकड्यात सांगितलंयस, सलग कधीच नाही. मला माहितीये तुला ते बोलायला आवडत नाही. जेवढं बोलावंसं वाटेल तेवढंच बोल, रडू आलं तर थांब, परत दुसऱ्या दिवशी. आणि बाबा, त्या वेळी मागून तुम्ही बोला, आता तिची पाळी.

दहा मिनिटांच्या आत ठेवा. खोली बंद करून, पंखा बंद करून वगैरे काही करू नका, कुकर असू दे. माईकचं बटन दाबून बोट वर सरकवलं की कुलूप दिसतं, मग बोट काढलं तरी चालतं, बाबा दहा मिनिटं अंगठा दाबून बसतात आणि मग दुखतो म्हणतात. आणि फोन भरलाय असं येत असेल तर ते रोजचे गुड मॉर्निंगचे फुलांचे फोटो डिलीट करा, सगळे, मनाला लावून न घेता.

जुलैत आम्ही येतोय. पांढरेपाण्यापर्यंत गाडी, आणि पावनखिंडीत बाबांचा गुडघा म्हणेल तेवढंच उतरायचं. तोफांचा आवाज विशाळगडावरून खिंडीत पोचायला किती वेळ लागला असेल ते समीर आणि मुक्ताने काढलंय, सेकंदाला ३४० मीटर आणि अंतर दहा किलोमीटर धरलं तर अर्धा मिनिट, आणि ईशानचं म्हणणं की त्या पावसात ऐकूच आला नसणार, त्यावर दोन दिवस भांडण चालू आहे. ते आबाच सोडवतील असं ठरलंय, तर तोवर तयारी करून ठेवा.

तुमची,
ताई

ता. क. ईशान विचारतोय, पन्हाळ्याला खरंच पेढा मिळतो का. त्याने ते चित्र अजून फाडू दिलेलं नाही.