हिचकॉकवरचं नाटक होऊ द्या

महोदय,
हॉलिवूडचा रहस्यपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याला सोनेरी केसांच्या नायिकांचं वेड होतं. त्यावरचं नाटक नागपुरात बसतंय म्हटल्यावर ‘असली थेरं इथे कशाला?’ असा सूर लागलाच. आपल्याकडे संहिता परिनिरीक्षण मंडळाच्या (म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरच्या) नजरेखालून जाते. मग तालमीतच गळा काढायची घाई का? राज्य नाट्य स्पर्धेत इथल्या प्रेक्षकाने याहून कडू नाटकं पचवली आहेत.

विषय मात्र गुळगुळीत नाही. त्याच्या ‘द बर्ड्स’ (१९६३) या चित्रपटाच्या चित्रीकरणात नायिका टिपी हेड्रनला यांत्रिक पक्षी वापरू असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात पोटमाळ्याच्या प्रसंगात काही दिवस तिच्या अंगावर जिवंत पक्षी फेकले गेले, डोळ्याजवळ जखम झाली. हिचकॉकने लगट केल्याचा आरोप तिने २०१६च्या आत्मचरित्रात केला. हे रंगमंचावर यायलाच हवं.

माझी धास्ती वेगळीच आहे. त्याच्या विकृतीवर बोट ठेवता ठेवता आपल्याच नटीला तसंच वागवून टाळ्या (आणि तिकिटं!) वसूल होऊ नयेत. तिला कुठे थांबायचं ते तालमीत तिनेच ठरवावं. आणि जाहिरातीत ‘फक्त प्रौढांसाठी’ ठळक छापा. रविवारच्या दुपारच्या प्रयोगाला लोक पोराबाळांसकट येतात.

– एक नाट्यरसिक, धरमपेठ, नागपूर