बर्फावर जाण्याआधी वाच

चि. सायली,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, 'पुढच्या आठवड्यात बर्फावर जातोय,' आणि मी गप्प झालो. रागावलो नव्हतो. आईनं फोन काढून घेतला ते बरं झालं, नाहीतर तिथेच सुरू झालो असतो. लिहिताना माणूस जरा आवरतो, म्हणून पत्र. आणि बर्फाबद्दल काहीही लिहायचं नाही, असं ठरवून बसलोय.

तू सायबेरियात इर्कुत्स्कला गेल्यापासून बैकल सरोवराबद्दल मिळेल ते वाचतो. बहुतेक सरोवरं काही हजार वर्षांत गाळानं भरून जातात. हे अडीच कोटी वर्षं टिकलं, कारण खालची जमीनच अजून दुभंगते आहे. तळाशी कित्येक किलोमीटर गाळ साचला, तरी वर १६४२ मीटर पाणी आहेच. जगातलं न गोठलेलं गोडं पाणी, जमिनीवरचं, त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्या एका ठिकाणी! तीनशेवर नद्या आत येतात, बाहेर पडते ती एकटी अंगारा.

मामाच्या विहिरीची खोली मोजायला तू दगड बांधून दोरी सोडली होतीस, आठवतं? दोरी संपली तरी दगड टेकेना, तेव्हा कपडे वाळत घालायची दोरी सोडून आणलीस. ओली धुणी सगळी मातीत. नाना ओरडत होते आणि तू कठड्यावरून वाकून मोजत होतीस. मागून तुझा फ्रॉक मी मुठीत धरला होता, तुला पत्ताही नव्हता. तिथे मागे कोण असणार?

आलाच शेवटी बर्फ.

मग सांगूनच टाकतो. माझी नोकरी रेल्वेतली, म्हणून १९०४ सालची हकिगत डोक्यातून जात नाही. जपानशी युद्ध सुरू होतं आणि सरोवराला वळसा घालणारा मार्ग पुरा झाला नव्हता, तेव्हा रशियनांनी बर्फावरच रूळ टाकले. चाचणीचं इंजिन बर्फ फोडून खाली गेलं. मग डबे घोडे लावून ओढून नेले. त्यांच्याकडेही इंजिनिअर होते, त्यांनीही जाडी मोजलीच असेल. आणि ती उपग्रहातून दिसणारी काळी वर्तुळं! खाली जरा कमी थंड पाण्याचा भोवरा फिरतो, वर्तुळाच्या कडेचा बर्फ पातळ होतो, आणि वर उभ्या माणसाला काही दिसत नाही. कुठे तळातून वायूचे बुडबुडे येऊन बर्फ पोखरतात. म्हणून एकटीनं पुढे जायचं नाही. स्थानिक चालक थांब म्हणाला की थांबायचं, तुझे नमुने राहिले तरी राहू देत.

झालं माझं प्रवचन. माफ कर. हे सगळं तुला माझ्याआधी माहीत आहे.

खरं म्हणजे मला दुसरंच लिहायचं होतं. मिखाईल कोझोव्ह या शास्त्रज्ञांनी १९४५ मध्ये तिथल्या पाण्याच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली, पुढे त्यांची मुलगी ओल्गा, मग नात ल्युबोव. उन्हाळ्यात होडीतून, हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून. घरातल्या तीन पिढ्या एकच काम करत राहिल्या, म्हणून २००८ मध्ये जगाला कळलं की १९४६ पासून वरचं पाणी सव्वा अंशाच्या आसपास तापलंय. हे वाचलं त्या रात्री आईला उठवून सांगितलं, की आपली पोरगी असल्या कामाला गेली आहे. पण पाणी तापतंय म्हणजे बर्फही पूर्वीसारखा राहिलेला नाही. दीडशे वर्षांत बर्फाचा काळ दोन आठवड्यांहून जास्त घटलाय. म्हातारे लोक 'या तारखेपर्यंत पक्का असतो' म्हणतात, तो हिशेब आता किती धरायचा? पुन्हा तेच लिहिलं बघ.

नेर्पा दिसली की कळव. समुद्रापासून इतक्या दूर, कायम गोड्या पाण्यात राहणारी सीलची ती एकच जात. नखांनी बर्फ खरवडून श्वासाची भोकं उघडी ठेवते म्हणे. पिल्लं याच दिवसांत होतात, तेव्हा लांबूनच बघ. आणि तो गोलोम्यांका मासा, खवले नाहीत, अंगात तिसरा हिस्सा चरबी, आरपार दिसतो आणि अंडी न घालता थेट पिल्लं देतो, तो खरंच जाळ्यात येतो का? आईला मी हे सांगितलं तर तिचा विश्वासच बसत नाही.

सारमा वारा सुटणार असं कुणी म्हणालं तर त्या दिवशी तंबूतून निघू नकोस. त्याचा वेग वादळाइतका असतो.

ओल्खोन बेटावर पोचलीस की तिथल्या खुझीर गावातून फोन कर, कितीही वाजले असले तरी. आजीला यातलं काही सांगितलेलं नाही. तिच्याशी बोलशील तेव्हा थंडीबद्दल बोल, स्वेटर होतो का ते सांग. बर्फाचं नाव काढू नकोस.

तुझे,
बाबा