वेतन जरूर द्या, निवृत्तिवेतनाचा मात्र फेरविचार करा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमदार-खासदारांच्या वेतनवाढीची बातमी आली की ‘यांना पगार हवाच कशाला, ही तर समाजसेवा’ असा सूर गावोगावी उमटतो. मला तो मान्य नाही. ज्याच्या दारात सकाळी सातपासून दाखल्यासाठी, इस्पितळातल्या खाटेसाठी, मुलाच्या प्रवेशासाठी माणसे येऊन बसलेली असतात, त्याने हा सारा व्याप पदरमोड करून सांभाळावा असे म्हणणे म्हणजे ज्यांच्याकडे जमीनजुमला, कारखाने आणि शिक्षणसंस्था आहेत त्यांनाच विधानभवनाचे दार उघडे ठेवणे होय. ब्रिटनमध्ये 1911 पर्यंत खासदारांना सरकारी वेतन नव्हते. तिथल्या कामगारांच्या चार्टिस्ट चळवळीने 1838 च्या सनदेत सभासदांना वेतन मागितले, ते कष्टकऱ्यांचा माणूस सभागृहात पोहोचावा म्हणूनच. मतदारसंघातल्या कामांसाठी असलेल्या आमदार निधीलाही पुष्कळ जण आमदाराची कमाई समजतात, तो समजही चुकीचा आहे.

माझा आक्षेप दोन गोष्टींना आहे. पहिली, वेतन ठरवण्याच्या पद्धतीला. संविधानाच्या अनुच्छेद 106 ने संसद सदस्यांचे आणि अनुच्छेद 195 ने राज्य विधिमंडळ सदस्यांचे वेतन कायद्याने ठरवण्याचा अधिकार त्या त्या सभागृहाला दिला आहे. म्हणजे घेणारेही तेच आणि ठरवणारेही तेच. ऑगस्ट 2016 मध्ये आपल्या विधिमंडळाने आमदारांचे वेतन-भत्ते 75 हजारांवरून दीड लाखाच्या पुढे नेले, आणि ज्या सभागृहात शेतकऱ्यांच्या मदतीवरून दिवस दिवस गदारोळ चालतो तिथे हे विधेयक चर्चेविना मंजूर झाले. सत्ताधारी आणि विरोधक एरवी इतक्या चटकन एकमत होत नाहीत. केंद्राने 2018 च्या वित्त कायद्याने खासदारांचे वेतन महागाईच्या निर्देशांकाशी जोडून दर पाच वर्षांनी आपोआप वाढण्याची सोय केली. त्यानुसार मार्च 2025 मध्ये ते 1 लाखावरून 1 लाख 24 हजार झाले, तेही 1 एप्रिल 2023 पासूनच्या फरकासह. ही पद्धत आधीच्यापेक्षा बरी, कारण तिला काही एक हिशेब आहे. पण तो हिशेबही खासदारांनीच आखलेला आहे. ब्रिटनने खासदारांच्या भत्त्यांच्या घोटाळ्यानंतर 2009 मध्ये कायदा करून एक स्वतंत्र प्राधिकरण नेमले आणि पुढे वेतन ठरवण्याचे कामही त्याच्याकडे सोपवले. तसे आपल्याकडे का होऊ नये?

दुसरी आणि मला अधिक खुपणारी गोष्ट निवृत्तिवेतनाची आहे. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याखाली माजी आमदाराला 2016 च्या दुरुस्तीनंतर दरमहा 50 हजार रुपये आणि पाच वर्षांपुढील प्रत्येक वर्षासाठी आणखी 2 हजार रुपये लागू झाले. त्यासाठी आमदारकीच्या काळात वेतनातून काही अंशदान कापले जात नाही. मी स्वतः चिंचवडच्या एका खासगी कारखान्यात 28 वर्षे लेथ चालवली आणि 2016 मध्ये निवृत्त झालो. भविष्यनिर्वाह निधीशी जोडलेल्या ज्या ‘ईपीएस-95’ या निवृत्तिवेतन योजनेत आम्हा कामगारांना किमान 10 वर्षे नोकरी झाल्याशिवाय निवृत्तिवेतनाचा हक्कच मिळत नाही, तिच्यातून मला दरमहा अडीच हजारांहून कमी रक्कम मिळते. गेल्या इतक्या वर्षांत तीत एका रुपयाचीही वाढ झालेली नाही, कारण त्या योजनेत महागाई भत्ता नाही. या योजनेतील किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर 2014 मध्ये 1 हजार रुपये ठरले. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला गेलो की यंत्रावर माझा अंगठा उमटत नाही, कारण लोखंडाच्या किसाने आणि तेलाने त्यावरच्या रेषाच झिजून गेल्या आहेत. तो पुसून, धुऊन, पुन्हा पुन्हा टेकवताना मागे उभी असलेली माझ्यासारखीच माणसे पाहिली की वाटते, खासदारांच्या वेतनाला जो महागाईचा निर्देशांक लागतो तो आम्हाला का लागू नये?

सरकारी कर्मचाऱ्यांचेही तेच. तिजोरीवर भार नको म्हणून 1 नोव्हेंबर 2005 पासून सेवेत येणाऱ्यांसाठी राज्याने जुनी निवृत्तिवेतन योजना बंद करून पगारातून अंशदान कापणारी योजना आणली. मार्च 2023 मध्ये जुन्या योजनेसाठी ते कर्मचारी संपावर गेले तेव्हाही राज्याच्या आर्थिक स्थितीचा दाखला त्यांना देण्यात आला. मग तीच आर्थिक स्थिती माजी आमदारांच्या बाबतीत आठवू नये, हे न्यायाला धरून नाही. माजी खासदारांच्या निवृत्तिवेतनाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये फेटाळली, त्यामुळे बदल घडवायचा तर तो सभागृहांनाच घडवावा लागेल. पंजाबने 2022 मध्ये प्रत्येक कार्यकाळाचे वेगळे निवृत्तिवेतन बंद करून माजी आमदाराला एकच निवृत्तिवेतन देण्याचा कायदा केला, म्हणजे हे अशक्य नाही.

जो माजी आमदार खरोखर गरजू आहे, ज्याने आयुष्य चळवळीत घालवले आणि गाठीला काही ठेवले नाही, त्याला सरकारने अवश्य सांभाळावे. त्याबद्दल माझ्यासारख्याची तक्रार असणार नाही. परंतु ज्यांचे निवडणुकीतील प्रतिज्ञापत्रच कोट्यवधींची मालमत्ता सांगते, त्यांनाही सरसकट हीच रक्कम देणे थांबवावे, 1976 च्या कायद्यात उत्पन्नाची अट आणि सदस्यांचे अंशदान या दोन तरतुदी घालाव्यात, आणि पुढची वेतनवाढ विधिमंडळाबाहेरच्या स्वतंत्र समितीच्या शिफारशीवरून, सभागृहात चर्चा करूनच व्हावी. या पत्राची एक प्रत मी माझ्या मतदारसंघाच्या आमदारांना टपालाने पाठवत आहे आणि येत्या अधिवेशनात त्यांनी असे अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याला मांडता येते ते विधेयक, मांडावे, अशी त्यांना विनंती केली आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त कामगार, चिंचवड, पुणे