निस्तेज पिवळा डोळा

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझी कथा एका बैठकीत वाचून काढली. वाडा छान उभा राहिलाय आणि माजघरातला तो बुजवलेला कोनाडा तर फारच आवडला. पण 'भयाण', 'भेसूर', 'काळाकुट्ट' ही विशेषणं इतक्यांदा येतात की तिसऱ्या पानानंतर मला भीतीच वाटेना. म्हणून मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी पुन्हा काढली. आता तुला लिहिल्यावाचून राहवत नाही.

१८३१च्या आवृत्तीतलं पाचवं प्रकरण उघड. नोव्हेंबरातली उदास रात्र, एक वाजलेला, तावदानांवर पावसाची रटाळ टपटप, मेणबत्ती संपत आलेली. त्या मिणमिणत्या उजेडात, व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन या तरुणाने मृतांचे अवयव जोडून घडवलेल्या, समोरच्या देहाचा निस्तेज पिवळा डोळा उघडतो. झालं! सिनेमांनी आपल्या डोक्यात विजांचे लोळ आणि फसफसणारी यंत्रं भरून ठेवलीत, पण या प्रसंगात वीज कडाडत नाही. यंत्रांचं वर्णनही नाही, 'जीवनाची साधनं' एवढाच मोघम उल्लेख. पाऊस, काच, मेणबत्ती या कुणाच्याही खोलीतल्या वस्तू, आणि त्यात तो एक डोळा. 'निस्तेज' हा शब्दच बघ ना. डोळे वटारलेले किंवा आग ओकणारे असते तर आपण सावध झालो असतो.

१८१६च्या उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठी पावसाने मेरी, कवी बायरन आणि त्यांच्या मंडळींना घरात कोंडलं होतं. आदल्या वर्षीच्या तांबोरा ज्वालामुखीच्या उद्रेकाने युरोपातला तो उन्हाळाच बिघडवला होता. बायरनने भुताच्या गोष्टी लिहायची टूम काढली तेव्हा मेरी अवघी १८ वर्षांची होती. तिनेच प्रस्तावनेत सांगितलंय की लिहायला सुरुवात केली ती त्या नोव्हेंबरच्या रात्रीच्या वाक्यापासून. मला वाटतं, खिडकीबाहेरचा पाऊसच तिने उचलून कादंबरीत ठेवला.

डोळा उघडल्यानंतरचा परिच्छेद तर मी थांबून थांबून वाचतो. व्हिक्टरने अवयव सुंदर म्हणून निवडलेले असतात. काळेभोर, तुकतुकीत, मोकळे केस आणि मोत्यांसारखे दात, म्हणजे एखाद्या नायिकेचंच वर्णन. आणि त्यांच्या शेजारी पाणावलेले फिकट डोळे, सुरकुतलेला चेहरा, काळे सरळ ओठ. नुसतं 'कुरूप' म्हटलं असतं तर आपण पुढे सरकलो असतो. इथे सौंदर्याच्या शब्दांनीच अंगावर काटा येतो.

व्हिक्टर आपण घडवलेल्या त्या जीवाला नाव देत नाही. हतभागी, सैतान, राक्षस असं काहीबाही म्हणतो. आपणही त्याच शब्दांनी त्याच्याकडे बघू लागतो. मग आल्प्समधल्या माँ ब्लां पर्वताच्या हिमनदीवर तो जीव स्वतः बोलतो. एका कुटुंबाचं बोलणं भिंतीच्या फटीतून ऐकून शिकलेली, कवी मिल्टन वाचून घडलेली त्याची भाषा! मी तुझा आदम व्हायला हवा होतो, असं तो आपल्या निर्मात्याला सुनावतो. मी चांगला होतो, दुःखाने मला सैतान केलं, म्हणतो. तिथे कादंबरीचा सूरच पालटतो आणि दर वेळी मी त्याच्या बाजूचा होतो.

तुझ्या कथेतली आत्या पहिल्या ओळीपासून 'चेटकीण' आहे, आणि तिच्याबद्दल बोलतो तो फक्त तिचा पुतण्या. तिला निदान दोन पानं तिच्या तोंडून बोलू दे. विहिरीचा प्रसंग मात्र तसाच ठेव, फक्त तिथलं 'भयाण' काढ. नवा खर्डा दिवाळीआधी पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मकरंद