‘ताप फक्त शंभर’ म्हणून रांगेत बसवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की सगळीकडे प्रतिकारशक्ती वाढवण्याचे सल्ले सुरू होतात. धडधाकट माणसाचे काढ्याने सहसा फार बिघडत नाही. पण ल्युपस किंवा आमवाताच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी नसते, ती स्वतःच्याच शरीरावर उलटलेली असते आणि औषधांनी तिला मुद्दाम दाबून ठेवलेले असते. तिला डिवचण्यात काय शहाणपण? २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत ऑटोइम्यून प्रकारची (स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे होणारी) यकृताची सूज नोंदवली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. वाद राहू द्या, पण अशा रुग्णाने डॉक्टरांना न विचारता काढा घेऊ नये, एवढे तरी छापायला हरकत नसावी. केमोथेरपी चालू असलेले, किडनी बदललेले आणि प्रतिकारशक्तीतच जन्मजात दोष असलेले रुग्ण यांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांना काय लागते ते लिहावे, म्हणून हे पत्र.

सुरुवात तापापासून करतो, कारण सर्वांत जास्त घोटाळा तिथेच होतो.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत खाली येतात. रिपोर्टवर एकूण पांढऱ्या पेशी १,२०० आणि न्यूट्रोफिल (जंतूंशी आधी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ३० टक्के असतील, तर खरा आकडा १,२०० चे ३० टक्के, म्हणजे ३६०. हा आकडा ५०० च्या खाली गेला की साध्या जंतूंनाही अडवायला शरीरात कोणी उरत नाही. या काळात तोंडात मोजलेला ताप एकदा जरी १०१ फॅरनहाइट भरला, किंवा १००.४ तासभर टिकला, तरी ती आणीबाणी समजायची. काखेतले माप तोंडातल्यापेक्षा अर्धा ते एक अंश कमी येते, म्हणून केसपेपरवर आकड्याशेजारी ‘तोंड’ की ‘काख’ हेही लिहावे. गुदद्वारातून ताप मोजू नये, एनिमा किंवा सपोझिटरी देऊ नये. तिथली नाजूक त्वचा जराशी सोलली तरी जंतू थेट रक्तात जातात.

आता नेहमी घडते ते पाहा. घरचे आधी पॅरासिटॅमॉल देतात, ताप उतरतो, सगळे निश्चिंत होतात. म्हणून गोळीच्या आधी ताप मोजायचा आणि वेळ लिहून ठेवायची. मग कॅज्युअल्टीत आल्यावर केसपेपरची रांग, ‘फक्त शंभरच आहे, बसा’, सीबीसीचा (रक्तपेशींच्या मोजणीचा) रिपोर्ट येईपर्यंत थांबणे, शेवटी चिठ्ठी घेऊन नातेवाईक मेडिकलच्या दुकानात. रुग्ण आल्यापासून पहिला अँटिबायोटिक ६० मिनिटांच्या आत शिरेत जायला हवा. वर सांगितलेल्या वाटेने दोन-तीन तास सहज जातात आणि तोवर रक्तदाब कोसळू लागतो.

डॉक्टरांनी आधीच सही करून ठेवलेला स्थायी आदेश कॅज्युअल्टीत लावलेला असेल, तर सिस्टर हे काम लगेच सुरू करू शकतात. रक्ताच्या कल्चरचे (रक्तात जंतू वाढतात का ते पाहण्याच्या तपासणीचे) दोन संच घ्यायचे. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत बसवलेली नळी) असेल तर एक तिच्यातून, दुसरा हाताच्या शिरेतून. मोठ्या माणसासाठी प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त हवे, दोन-तीन मिलीवर भागवले तर जंतू असूनही कल्चर कोरे येते. बाटलीवर कुठून आणि किती वाजता घेतले ते लिहायचे. त्याच सुईतून सीबीसी, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), साखर. मग ॲलर्जी विचारून ठरलेला अँटिबायोटिक, मोठ्यांना बहुधा पिपरॅसिलिन-टाझोबॅक्टम ४.५ ग्रॅम. त्याची व्हायल कॅज्युअल्टीच्या कपाटातच असावी. रिपोर्टसाठी थांबायचे नाही. कल्चर आधी घ्यावे हे खरे, पण शीर सापडत नाही म्हणून अर्धा तास टोचत बसण्यापेक्षा डोस सुरू करावा.

आणखी एक फसगत पू नसण्याची. पू तयार होतो तोच मुळी न्यूट्रोफिलांपासून. ते नसतील तर लाइनची जागा किंवा जखम आतून सडत असली तरी वरून फक्त थोडी लाली आणि दुखणे दिसते. छातीचा एक्स-रेही सुरुवातीला कोरा येऊ शकतो. अशा रुग्णाने ‘इथे दुखतंय’ म्हटले की तो पुरावाच मानावा.

वॉर्डात स्वतंत्र खोली मिळाली तर उत्तम, पण सरकारी रुग्णालयात ती क्वचितच मिळते. मग निदान कोपऱ्यातली खाट द्या, शौचालयाजवळची नको, क्षयाच्या किंवा कांजिण्यांच्या रुग्णाशेजारची तर मुळीच नको. बीपीचा पट्टा आणि थर्मामीटर त्या खाटेलाच ठेवा. राउंड याच रुग्णापासून सुरू करा, जंतुसंसर्ग झालेल्यांकडे नंतर जा. हात चोळायला अल्कोहोलचा रब असेल तर २० ते ३० सेकंद, साबणपाणी असेल तर ४० ते ६०. आयव्हीचे (शिरेतल्या नळीचे) तोंड उघडण्यापूर्वी स्पिरिटच्या स्वॅबने १५ सेकंद घासून वाळू द्यायचे. नुसता फुंकर मारल्यासारखा स्वॅब फिरवण्याचा उपयोग नाही. पिक लाइन (दंडातून मोठ्या शिरेत नेलेली लांब नळी) फ्लश करायला १० मिलीचीच सिरिंज घ्यावी. छोट्या सिरिंजने दाब जास्त पडतो आणि नळी फुटू शकते. पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांनी, गॉझचे दोन दिवसांनी बदलायचे, आणि ओले किंवा सुटलेले दिसले तर तेव्हाच.

हे सगळे करायला माणूस लागते. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका असे आहे. एकेका पाळीत एकटीच्या अंगावर पूर्ण वॉर्ड टाकून तिच्याकडून १५ सेकंदांच्या स्वॅबची अपेक्षा करणे ही थट्टा आहे.

तोंडाची काळजी मात्र घरीही नीट घेता येते. मऊ ब्रश वापरावा, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून जेवणानंतर आणि झोपताना चुळा भराव्यात. मशेरी पूर्ण बंद. खाण्याच्या बाबतीत उगाच धाक घालू नका. केळी, संत्री अशी सोलून खायची फळे आणि घरचे ताजे गरम अन्न चालते. बाहेरची चटणी, कापून ठेवलेली फळे, कच्ची मोड आलेली कडधान्ये आणि कुठले पाणी वापरले ते माहीत नसलेले तीर्थ टाळावे.

स्टिरॉइडवर असलेल्यांत दोन चुका वारंवार होतात. पहिली साखर तपासण्याच्या वेळेची. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सकाळी नाश्त्यानंतर घेतले की साखर दुपारपासून संध्याकाळपर्यंत चढते आणि पहाटेपर्यंत पुन्हा खाली येते. फक्त उपाशीपोटीची साखर पाहिली तर सगळे आलबेल वाटते. जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी तपासा. २०२१ मध्ये महाराष्ट्राने काळ्या बुरशीचा जो कहर पाहिला, त्यात स्टिरॉइड आणि चढलेली साखर या जोडीचा मोठा वाटा होता. दुसरी चूक त्याच भीतीतून होते: तोंड सुजले म्हणून रुग्ण गोळी एकदम सोडतो. तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ रोज ५ मिलीग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन घेतले असेल, तर शरीराने स्वतःचे कॉर्टिसोल (शरीरातले नैसर्गिक स्टिरॉइड) बनवणे कमी केलेले असते. गोळी अचानक सुटली की उलट्या, गळून जाणे, रक्तदाब आणि साखर उतरणे. ताप किंवा जुलाब असताना डोस बहुधा दुप्पट करावा लागतो. तो कसा करायचा हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. गोळी उलटून पडत असेल तर हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन लागते, घरी थांबू नये.

प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या मेथोट्रेक्सेट या औषधाबद्दल आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते. आमवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. १५ मिलीग्रॅम म्हणजे अडीचच्या सहा गोळ्या, ठरलेल्या एका वारी. चिठ्ठीवर किंवा वॉर्डच्या चार्टवर ते ‘रोज’ म्हणून उतरले, तर काही दिवसांतच तोंडभर फोड, जुलाब, अंगावर निळे डाग आणि कोसळलेले रक्तपेशींचे काउंट. सोबतची फॉलिक ॲसिडची गोळीही बऱ्याचदा तशीच लहान आणि पिवळी असते, त्यामुळे अदलाबदल होते. उपाय साधा आहे. चार्टवर ठरलेला वार मोठ्या अक्षरात लिहायचा आणि उरलेल्या सहा दिवसांच्या रकान्यांवर काट मारायची. घरी दोन गोळ्या दोन वेगळ्या डब्यांत ठेवायच्या. लघवीच्या संसर्गासाठी कोणी कोट्रायमोक्साझोल लिहून दिले तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचे लगेच सांगायचे, कारण दोन्ही मिळून रक्तपेशी बनवणारी हाडांतली मज्जा दाबतात. तोंडात फोड दिसले की पुढचा डोस थांबवून त्याच दिवशी सीबीसी आणि क्रिएटिनिन करून घ्यावे. उतारा म्हणून फोलिनिक ॲसिड द्यावे लागते, घरातले फॉलिक ॲसिड त्याच्या जागी चालत नाही.

जन्मजात दोषामुळे अँटिबॉडी बनत नाहीत अशा मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडी) शिरेतून द्यावे लागते, वजनाच्या किलोमागे ४०० ते ६०० मिलीग्रॅम. २० किलोच्या मुलाला ४०० च्या हिशेबाने ८ ग्रॅम. बाटली फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, हलवायची नाही, फेस होतो. पहिला अर्धा तास ताशी किलोमागे अर्धा मिली एवढ्याच वेगाने सुरू करून नाडी, ताप, बीपी दर १५ मिनिटांनी पाहायचे. थंडी किंवा डोकेदुखी बहुधा वेग जास्त झाल्याने होते. पण श्वास लागला किंवा बीपी उतरले तर लगेच बंद करून डॉक्टरांना बोलवायचे. आयजीजी (मुख्य अँटिबॉडी) पातळीचे रक्त डोसच्या आधी घ्यायचे, आणि बॅच नंबर केसपेपरवर चिकटवायचा. निदानासाठी परळला केईएमच्या आवारातील आयसीएमआरच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत तपासण्या होतात.

या मुलांच्या घरी पल्स पोलिओच्या रविवारी गोंधळ उडतो. तोंडाने द्यायची पोलिओ लस जिवंत विषाणूंची असते. ती या मुलाला द्यायची नाही आणि त्याच्या भावंडांनाही नाही, कारण त्यांच्या शौचातून विषाणू काही आठवडे बाहेर पडतो. भावंडांना पोलिओचे इंजेक्शन द्यावे. घरात याआधी एखादे बाळ पहिल्या वर्षातच वारंवार जंतुसंसर्ग होऊन गेले असेल, तर नव्या बाळाला बीसीजी आणि रोटाव्हायरसची लस देण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना विचारावे. आशाताईंकडे अशा घरांची नोंद असावी आणि डॉक्टरांची चिठ्ठी लसीकरण कार्डालाच टाचलेली असावी, म्हणजे बूथवर आईला हुज्जत घालावी लागणार नाही.

आपल्या,
निवृत्त परिसेविका, मिरज